सुवाह्य पिझ्झा-भट्टीची निवड : वर्धा जिल्ह्यापुरता एक विचार

ज्या वस्तूची गरज ती विकत घेण्याचा विचार सुरू झाल्यानंतरच निर्माण होते, अशा वस्तूंचा एक स्वतंत्र वर्ग गृहोपयोगी साधनांच्या अभ्यासकाला मानावा लागतो. पोळ्या लाटणारे यंत्र आणि ट्रेडमिल ही या वर्गातील जुनी, मान्यताप्राप्त उदाहरणे असून, उघड्यावर ठेवून चालवायची, पाय दुमडून उचलून नेता येणारी घरगुती पिझ्झा-भट्टी ही त्यातली अलीकडची भर होय. अशा भट्टीला सुवाह्य, म्हणजे सहज वाहून नेण्याजोगी, म्हणण्याची पद्धत आहे. ती कोणी वाहून न्यायची, हा प्रश्न विक्रेते ग्राहकाच्या कौटुंबिक परिस्थितीवर सोडतात. वर्धा जिल्ह्यात या साधनाचा प्रसार अद्याप नाव घेण्याजोगा झालेला नसला, तरी त्याविषयीची चर्चा दिवाळीत पुण्याहून किंवा बंगळुरूहून घरी येणाऱ्या पिढीबरोबर येथील ले-आउटांमध्ये येऊ लागली आहे, आणि मुलाने मोबाइलवर भट्टीचे चित्र दाखवल्यावर आईने विचारलेला ‘ठेवशीन कुठी?’ हा प्रश्न त्या चर्चेचा सामान्यतः पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा टप्पा ठरतो.

या वस्तूचा इतिहास छोटा आहे. २०१२ मध्ये क्रिस्टियन टपानिनाहो आणि डॅरिना गारलंड या ब्रिटनमधील दांपत्याने लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी एक लहान भट्टी लोकवर्गणीच्या मार्गाने बाजारात आणली. त्यांची कंपनी आधी ‘उनी’ या नावाने आणि २०१८ पासून त्याच उच्चाराच्या, पण निराळ्या स्पेलिंगच्या नावाने ओळखली जाते. पुढे टॉम गोझनी यांची ‘रॉकबॉक्स’ आली, आणि पाठोपाठ इतक्या कंपन्या आल्या की ज्या युरोपीय माणसाच्या घरामागे दहा पावले हिरवळ होती, त्याला आपण आजवर भट्टीवाचून कसे जगलो याचे आश्चर्य वाटू लागले. या सर्व भट्ट्यांचा दावा एकच असतो, तो म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापणे आणि एका मिनिटात पिझ्झा भाजून देणे.

एवढे तापमान कशासाठी, हे समजून घेतल्यावाचून निवडीचा विचार पुढे सरकत नाही. नेपल्स शहरातील पिझ्झा-भाजणीच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले, आणि तेथे १९८४ पासून काम करणाऱ्या ‘अस्सल नेपोलितान पिझ्झा संघा’च्या नियमांनुसार हा पदार्थ ४३० ते ४८० अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजला गेला पाहिजे. या वेळात तळाचा दगड पिठाला खालून थेट उष्णता देतो, तापलेला घुमट वरून उष्णतेचे प्रारण, म्हणजे मधल्या हवेची वाट न पाहता थेट पोहोचणारी धग, देतो, आणि पिठातल्या पाण्याची एकदम वाफ होऊन कडा फुगतात. घरातला विजेचा छोटा ओव्हन साधारण २५० अंशांवर थांबत असल्यामुळे त्यात हेच काम दहा-बारा मिनिटे चालते, आणि तेवढ्या वेळात पिठाचा ओलावा उडून जाऊन जे तयार होते, त्याला यजमान ‘कुरकुरीत’ म्हणतो व पाहुणा काहीच म्हणत नाही. भट्टीतला दगड बहुधा कॉर्डिएराइट या मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांच्या संयुगाचा असतो. एकदम तापल्याने वा निवल्याने तो सहसा तडकत नाही. वर्ध्याच्या ग्राहकाने हा गुण आस्थेने तपासावा, कारण मे महिन्यात तडकण्याची मुभा या जिल्ह्यात केवळ माणसांनाच आहे.

आता हे साधन ज्या जिल्ह्यात आणायचे, त्याचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्यात, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत होते आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. हातकुटाईचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा पुरस्कार या संघाने केला. पिझ्झा या पदार्थाला गिरणीचा मैदा, कारखान्यातले चीज आणि दुरून आलेले तेल लागत असल्याने, संघाच्या बहुतेक सर्व प्रतिज्ञांचा भंग एका थाळीत आणि तोही दीड मिनिटात करणारा दुसरा पदार्थ सांगणे अभ्यासकाला कठीण जाते. पुढे १९३६ मध्ये गांधीजी शेगावी, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामात, राहायला गेले, तेव्हा आश्रमाच्या अकरा व्रतांत अस्वाद हेही एक व्रत होते; अस्वाद म्हणजे जिभेच्या चोचल्यांसाठी न खाता औषधासारखे, देहाला लागेल तेवढेच खाणे. मगनवाडीत कडुनिंबाच्या पाल्याचे आणि १९३५ मध्ये सोयाबीनचे प्रयोग झाले. त्यातले सोयाबीन आज जिल्ह्यातल्या वावरावावरांत उभे आहे. पाल्याच्या चटणीचे क्षेत्र मात्र त्या प्रमाणात वाढलेले दिसत नाही, यावरून जिल्ह्याने अस्वादव्रताचा स्वीकार कितपत केला याचा अंदाज बांधता येतो.

तथापि मगनवाडीचा उल्लेख केवळ पिझ्झ्याला दोषी ठरवण्यासाठी करणे न्यायाचे होणार नाही. चूल कशी असावी, इंधन कोठून यावे, धूर कोणाच्या डोळ्यांत जावा, हे प्रश्न देशात गांभीर्याने विचारणाऱ्या थोड्या ठिकाणांपैकी ते एक होते. धुराड्यावाटे धूर बाहेर सोडणारी ‘मगन चूल’ याच परिसराची देणगी, आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही ग्रामीण अवजारांची साक्ष देत उभे आहे. तेव्हा पिझ्झा-भट्टीची परीक्षा चमकदार पत्र्यावरून न करता इंधनावरून करणे, ही वर्ध्याच्या दृष्टीने बाहेरची नव्हे, घरचीच पद्धत ठरते.

इंधनाच्या दृष्टीने भट्ट्यांचे तीन प्रकार पडतात : गॅसच्या, लाकडाच्या आणि दोन्हींवर चालणाऱ्या. तिसरा प्रकार सर्वांत महाग असून तो दोनपैकी कोणताही निर्णय घेता न येणाऱ्या कुटुंबांसाठी बनवलेला आहे. लाकडाच्या भट्टीचे जळण-कप्पे मुठीएवढे असतात, त्यामुळे बाभळीचे चांगले वाळलेले लाकूडही त्यासाठी करंगळीएवढ्या काड्यांत फोडावे लागते, आणि हे काम पिझ्झा खाऊ इच्छिणारी पिढी करीत नाही. लाकडी भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या हा परदेशातला सोपा पर्याय आहे. विदर्भात पिकांच्या अवशेषांच्या ज्या गोळ्या मिळतात, त्या बॉयलरसाठी बनलेल्या असतात आणि त्यांचा धूर बसलेले पनीर कोणी खाऊ नये. कापसाच्या या जिल्ह्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी बांधाबांधावर पऱ्हाटीचे ढीग लागतात, आणि फुकटच्या या इंधनाकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु पऱ्हाटी भडकते जशी झटकन, विझतेही तशीच, शिवाय कपाशीवर हंगामभर झालेल्या फवारण्या लक्षात घेता तिच्या ज्वाळेसमोर उघडे अन्न ठेवणे शहाणपणाचे नाही. तुराट्यांचे वर्तनही फारसे निराळे नसते.

राहतो तो गॅस, आणि येथेच सुवाह्यतेची खरी कसोटी लागते. बारा इंची पिझ्झा भाजणारी गॅसची लहान भट्टी सुमारे ९ किलोची असते, रॉकबॉक्स सुमारे २० किलोची. भारतातील घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडी टाकीचे वजन धरून तो तीस किलोच्या घरात जातो. म्हणजे एका हाताने गच्चीवर नेता येणाऱ्या भट्टीमागून तिच्या तिप्पट वजनाचे इंधन जिन्यावरून चढवावे लागते, आणि जाहिरातीतला हसरा तरुण भट्टी घेऊन वर जात असताना सिलिंडरपाशी बहुधा वडील उभे असतात. परदेशातून येणाऱ्या भट्टीचा रेग्युलेटर, म्हणजे गॅसचा दाब आवरून धरणारी तोटी, आपल्या सिलिंडरच्या २२ मिलिमीटरच्या झडपेवर बसत नाही. तो बसवण्यासाठी गल्लीतल्या शेगडी-दुरुस्तीवाल्याकडे जाणे म्हणजे चारशे डॉलरच्या साधनाचे भवितव्य आणि स्वतःच्या भुवया एकाच वेळी पणाला लावणे होय. पाच किलोचा छोटा सिलिंडर हा निदान वजनावरचा समंजस तोडगा आहे. साधारण ४ किलोवॉटचा बर्नर तासाला सुमारे ३०० ग्रॅम गॅस जाळतो. त्यामुळे खर्चाची बाजू, भट्टीची किंमत विसरता आल्यास, अगदीच किरकोळ आहे.

या संदर्भात एक सामाजिक धोकाही नोंदवला पाहिजे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. रात्री आठनंतर सांदवाडीत म्हणजे घरामागच्या मोकळ्या पट्टीत आग पेटलेली, दोन-तीन माणसे वाकून उभी आणि घरातली व्यक्ती ‘आमच्याकडे आज भट्टी लागली’ असे फोनवर सांगत असलेली, एवढी सामग्री शेजाऱ्याला आपले मत बनवायला पुरेशी असते. अशा घरांनी निदान फोनवर तरी ‘ओव्हन’ म्हणावे.

हवामानाचा प्रश्न इंधनापेक्षा अवघड आहे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि भट्टीचा दगड ४५० अंशांवर काम करतो. सेल्सिअस मापनात अशी पटीची भाषा शास्त्राला मान्य नसली, तरी त्या महिन्यात भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला मधला फरक सांगून पटत नाही. त्याहून मोठी अडचण पिठाची आहे. नेपल्सच्या परंपरेत यीस्ट घातलेली कणीक २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत आठ तासांपासून चोवीस तासांपर्यंत मुरवतात. वर्ध्यात उन्हाळ्यात २३ अंशांची खोली फक्त बँकेत आढळते. रात्री झाकून ठेवलेले पीठ सकाळी झाकणासह ओट्यावर उतरलेले असते, आणि ते फ्रिजमध्ये ठेवावे म्हटले तर तेथे आंब्याचा रस, पाण्याच्या बाटल्या आणि वुडवूलच्या कूलरसमोरूनही न उठणाऱ्या पाहुण्यांसाठीचे ताक यांनी जागा आधीच घेतलेली असते. पावसाळ्यात भट्टी उघड्यावर ठेवता येत नाही आणि घरात पेटवणे विषारी कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते. त्यामुळे वर्षाचे उपयोगी महिने ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत उरतात. हेच महिने कापूस वेचणीचे, तुरीच्या सवंगणीचे आणि लग्नांच्या बोलणीचे असल्याने त्यातही कुटुंबाचे सर्व सदस्य एका संध्याकाळी मोकळे सापडतील अशी खात्री देता येत नाही.

दगड तापला की नाही हे पाहण्यासाठी अवरक्त किरणांवर चालणारा, बंदुकीच्या आकाराचा तापमापक लागतो. अनेक घरांत २०२० मध्ये घेतलेला तसाच एक तापमापक पडून आहे आणि तो वापरण्याचा मोह होतो. परंतु तो कपाळासाठी बनलेला असून त्याची धाव ताप चढलेल्या माणसाच्या पलीकडे जात नाही. दगडावर रोखल्यास तो मान टाकतो. जाणकार गृहिणी चिमूटभर पीठ दगडावर टाकून ते किती वेळात काळे पडते यावरून हाच निर्णय घेते, आणि तिची चूक क्वचितच होते.

चीजबाबत जिल्ह्याची स्थिती मात्र अनपेक्षितपणे बरी आहे. इटलीचे प्रतिष्ठित मोझरेला म्हशीच्या दुधाचे, परंतु गाईच्या दुधाच्या चीजलाही नेपल्सची मान्यता आहे. आणि आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतली गवळाऊ गाय, तसेच तलवारीसारख्या लांब शिंगांची नागपुरी म्हैस, असे दोन्ही पक्ष येथे घरचेच आहेत. गाईच्या तुपातल्या, भट्टीत भाजलेल्या गोरसपाकासाठी वर्धा शहर ओळखले जातेच. तेव्हा भट्टी आणि गोरस यांची ओळख या गावाला नव्याने करून द्यावी लागेल, असे नाही.

येथवरच्या सर्व कसोट्या विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांतही थोड्याफार सापडतील. जी सापडत नाही, ती कसोटी पंगतीची. बारा इंची भट्टीत एका वेळी एकच पिझ्झा जातो. तो दीड मिनिटात भाजला जातो हे खरे, पण पुढचा लाटणे, त्यावर पसारा मांडणे, लांब दांड्याच्या चपट्या फावड्यावरून तो आत सरकवणे, एक ते दीड सेंटीमीटर जाडीच्या दगडाची गेलेली धग परत येऊ देणे आणि मधूनच फिरवला नाही म्हणून जळालेल्या बाजूबद्दल स्पष्टीकरण देणे, यांत पाच-सहा मिनिटे सहज जातात. आठ माणसांच्या घरात पहिला जेवणारा हात धुऊन सुपारी कातरू लागतो तेव्हा पाचव्याचे टोमॅटो कापले जात असतात, आणि भट्टीपाशी उभा असलेला इसम सर्वांच्या शेवटी, थंडगार दगडावर भाजलेला, आकाराने महाराष्ट्राच्या नकाशासारखा पिझ्झा उभ्यानेच खातो. सोळा इंची भट्टीने यात फरक पडतो तो एवढाच, की वाद दोघांत होतो. ज्या संस्कृतीत पाने मांडून झाल्यावर शेवटच्या पानावर वरण पडेपर्यंत पहिला माणूस भाताला हात लावीत नाही, तिच्यासाठी हे साधन तयार झालेले नाही, असे स्पष्ट म्हणावे लागते.

उलट वैदर्भीय परंपरेत उघड्यावर भाजण्याचे जे साधन आहे, ते पंगतीसाठीच घडलेले दिसते. रोडगे हा पदार्थ जाडसर गव्हाच्या पिठाचा. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून कणीक घट्ट मळतात, तेल लावलेल्या लहान पाऱ्या एकीवर एक रचून मोठ्या पारीत बंद करतात, आणि असे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, वरून राख सारून, सावकाश भाजतात. गोवरीची धग लाकडाइतकी तीव्र नसते, पण ती सारखी असते आणि घाई करीत नाही, त्यामुळे आतला थर शिजण्याआधी बाहेरचा जळत नाही. भाजून निघालेले रोडगे कापडात घोळवून राख झटकली की ते फोडून तुपात बुडवायचे आणि वरण व वांग्याच्या भाजीबरोबर वाढायचे. पन्नास माणसांचे रोडगे एकाच आगीत, एकाच वेळी तयार होतात, त्यासाठी रेग्युलेटर लागत नाही, साधनाचे वजन शून्य किलो भरते आणि कार्यक्रम संपल्यावर ते कोठे ठेवायचे हा आईचा प्रश्न निघतच नाही, कारण उरते ती राख भांडी घासायला किंवा वावरात जाते. पिझ्झा-भट्टीच्या चर्चेत घरातल्या आजीने काढलेला ‘काहून, रोडग्याले काय धाड भरली?’ हा उद्गार तांत्रिक निकषांवर खोडून काढणे सोपे नाही.

परंपरेच्या बाजूनेही सर्व काही आलबेल आहे, असे मात्र नाही. निखाऱ्यांपाशी दोन तास बसण्याचा मान बहुतेक वेळा गडीमाणसांकडे किंवा काकांकडे जातो, आणि कणीक मळणे, वांगी चिरणे, वरण घोटणे व सर्वांच्या मागून जेवणे हे घरातल्या बायकांकडे राहते. वावरातल्या रोडग्यांच्या जेवणात मोकळी हवा सर्वांना मिळत असली, तरी मोकळा वेळ सर्वांना मिळत नाही. पिझ्झा-भट्टीचा एक गुण येथे प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे, तो असा की ती विकत घेणारा मुलगा निदान पहिल्या तीन रविवारी पीठ स्वतः मळतो. संत एकनाथांच्या सुप्रसिद्ध भारुडात सासरच्या मंडळींना एकेक करून बाजूला सारण्याच्या मोबदल्यात भवानीला रोडगा कबूल केलेला आहे. पिझ्झा-भट्टीचा परिणाम नेमका उलटा होतो : ती आल्याची बातमी पसरताच हीच मंडळी एकेक करून, आणि जेवणाच्या वेळेला, घरी येऊ लागतात.

या सर्व विवेचनावरून निघणारा निर्णय असा. तीन-चार माणसांच्या, स्वतःचे अंगण असलेल्या आणि हिवाळ्यात एकत्र सापडणाऱ्या कुटुंबाने भट्टी घ्यायचीच ठरवले असेल, तर ती गॅसची, बारा इंची आणि भारतीय रेग्युलेटरसह मिळणारी घ्यावी. लाकडाच्या भट्टीचा मोह धूर पाहण्याची हौस असलेल्यांनीच करावा, आणि दोन्हींवर चालणारी कोणीही घेऊ नये. चारापेक्षा जास्त माणसे जेवायला असणाऱ्या घरांनी तेच पैसे तुपात घालून रोडगे करावेत. उन्हाळ्यात, सवलत मिळत असली तरी, खरेदी करू नये, आणि भट्टी दिवाळीच्या सुटीत घेतल्यास मुलगा परत जाण्यापूर्वी ती पुसून, झाकून कोठे ठेवायची हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे.